नुसती लिंक नको हो, काय ऐकलंत ते सांगा

आमच्या गाणंवेड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी विचारतं, काय मंडळी, आज घरी काय वाजतंय? प्रश्न किती छान आहे बघा. आणि उत्तरं काय येतात, तर लिंक. लिंकखाली लिंक. सोबत "निःशब्द!!", "दैवी", हात जोडलेले चार इमोजी, आणि फारच झालं तर "आता असे कलाकार होणे नाही". मी जरा खवचट आहे त्यामुळे वेळ बघते. ४५ मिनिटांचा दरबारी राग सात वाजून दहा मिनिटांनी पडतो आणि सात बाराला "अंगावर काटा आला" असा रिप्लाय हजर! अहो दोन मिनिटांत तानपुरा सुद्धा नीट कानात बसत नाही, आणि सकाळी सातला दरबारी कोण लावतं हा वेगळाच विषय, तो आत्ता सोडून देऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे की लिंक पाठवली म्हणजे गाणं पोचलं असं नसतं. लिंक सगळ्यांकडे आहेत, सर्च केलं की शंभर सापडतात. माझ्याकडे काय नाहीये, तर तुमचे कान. तुम्ही ते ऐकताना कुठे थांबलात, कुठे मागे नेऊन परत ऐकलंत, कुठे कंटाळलात (हो, कंटाळलात ते पण सांगा ना, काही पाप नाही त्यात) हे एका ओळीत लिहा. मग मी ती लिंक उघडेन. नाहीतर खरं सांगते, मी पण हात जोडून मोकळी होते.

हे माझ्या डोक्यात घातलं माझ्या सासऱ्यांनी. त्यांच्याकडे ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती प्रसिद्ध एलपी, म्हणजे मोठी तबकडी होती, एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. आता गंमत अशी की मारवा सूर्यास्ताचा आणि दरबारी मध्यरात्रीचा, म्हणजे रेकॉर्ड उलटवायला लागतात दहा सेकंद आणि तेवढ्यात तुम्ही संध्याकाळवरून थेट मध्यरात्रीत. ते काही त्यांना चालायचं नाही. संध्याकाळी मारव्याची बाजू लागायची, मग रेकॉर्ड कव्हरात जायची, जेवणं व्हायची, बातम्या व्हायच्या, आणि सगळं घर शांत झालं की दुसरी बाजू. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं अतीच वाटायचं, कारण आमच्या माहेरी रेडिओवर जे लागेल ते गाणं. मारवा तर मला आवडायचाच नाही, सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहायचं. तर एकदा ते म्हणाले, अगं तसंच वाटायला पाहिजे. ह्यात पंचम (प) नाहीच, आणि षड्जावर, म्हणजे सा वर, खाँसाहेब लवकर येत नाहीत, कोमल रिषभ (रे) आणि धैवतावर (ध) घोळवत ठेवतात. तू एक कर, सा येईपर्यंत चहाचं आधण ठेवू नकोस. झालं! मी ओट्याशी उभी, हातात भांडं, आणि सा काही येईना. आणि आला तेव्हा असं हायसं वाटलं की मी चहा विसरलेच. त्या दिवसापासून मारवा माझा. त्यांनी मला रागाची थिअरी शिकवली नाही, "महान" वगैरे शब्द वापरला नाही, फक्त कशाची वाट बघायची ते सांगितलं. नंतर वसंतराव देशपांड्यांचा मारवा ऐकला (ते लाहोरला असदअली खाँसाहेबांकडे मारवा शिकले होते) तर तिथे वेगळीच तडफ, हा माणूस त्या बेचैनीशी भांडतोय असं वाटतं. पण हे कळलं कारण आधीची वाट बघायची सवय लागली होती.

आता दुसरा प्रकार, अभिमानाचे फॉरवर्ड. गायिका केसरबाई केरकरांचं "जात कहाँ हो" नासाने व्हॉयेजर यानातल्या सोन्याच्या तबकडीवर घालून अंतराळात पाठवलं, हा मेसेज तुम्हाला पण आला असेल, मला तर दर थोड्या दिवसांनी येतो. गोष्ट खरीच आहे आणि भारीच आहे. १९७७ साल, गोव्यातल्या केरी गावच्या बाईंची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटं. ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आता २४०० कोटी किलोमीटरच्या पुढे गेलंय. सगळं मान्य. पण मी ज्यांनी ज्यांनी पाठवला त्यांना विचारलं की तुम्ही ती साडेतीन मिनिटं ऐकलीत का हो, तर बहुतेकांचं उत्तर, "नाही, म्हणजे तसं ऐकलंय कुठेतरी". अरे! परग्रहावरच्या कुणीतरी ऐकावं म्हणून आपल्याला एवढा आनंद आणि आपल्या स्वतःच्या घरात साडेतीन मिनिटं निघत नाहीत? ऐका ते. एकदा फक्त आकाराकडे, म्हणजे नुसत्या "आ" वर गातात तिकडे, लक्ष ठेवून ऐका. एवढा मोकळा, भरीव आवाज, कुठे चिमटा नाही, कुठे लाडीकपणा नाही, आणि भैरवी असून रडवेपणा अजिबात नाही. ह्या बाई विरहाची विनवणी करत नाहीयेत, जाब विचारतायत असं मला वाटतं. तुम्हाला वेगळं वाटेल, तर ते लिहा की.

तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या रेकॉर्ड्सबद्दल अजून थोडं बोलते, कारण सध्या माझ्या घरी त्याच चालू आहेत. मी मूळची मिरजेची, त्यामुळे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब म्हणजे आमचे घरचेच असा आम्हा मिरजकरांचा समज असतो. दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथे गाणं होतं, मोठे मोठे कलाकार हजेरी म्हणून गाऊन जातात. त्यांची झिंझोटी रागातली "पिया बिन नाही आवत चैन" दुकानात वाजत असताना लहानग्या भीमसेन जोशींनी ऐकली आणि पोरगं गाण्यापायी घर सोडून गेलं, ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे बघा, रस्त्यावरच्या दुकानात मोठ्याने लागलेली एक रेकॉर्ड! दुकानदाराच्या कानात इअरफोन असते तर? असो.

ह्या रेकॉर्डी ऐकताना एक सावध राहायचं, स्पीड. त्यांना आपण सरसकट ७८ आरपीएम म्हणतो पण सुरुवातीच्या काळातलं ध्वनिमुद्रण नेमकं ७८ लाच झालेलं असायचं असं नाही, आणि नेटवर चढवणारे सगळेच काही ते तपासून चढवत नाहीत. स्पीड थोडी जास्त झाली की सूर चढतो, लय पळायला लागते आणि मग आपण म्हणतो "काय तो चिरका आवाज". आवाज तसा नव्हता हो, तबकडी पळतेय. एकच गाणं दोन-तीन ठिकाणचं लावून बघा, फरक कळेल. आणि कुणाला बरा ट्रान्सफर (तबकडीवरून केलेली डिजिटल नक्कल) सापडला तर ती लिंक टाका, त्या लिंकला खरंच किंमत आहे.

तसंच मोबाईलच्या स्पीकरचं. पुरुष गायक समजा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गातोय, तर त्याचा सा साधारण १३९ हर्ट्झ आणि तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सत्तरच्या आसपास. तुमच्या फोनचा तो नखाएवढा स्पीकर एवढं खालचं वाजवूच शकत नाही. कान हुशार असतो, तो वरच्या स्वरांवरून खालचा स्वर मनानेच भरून काढतो म्हणून आपल्याला वाटतं ऐकू येतंय. पण ते अंग झाकून टाकणारं खर्जाचं वजन, ते गायब. मग लोक म्हणतात आलापी स्लो वाटते बुवा. वाटणारच, निम्मं गाणं फोनमध्येच अडकलंय! म्हणून काही लाखाची सिस्टीम घ्या असं मी म्हणत नाहीये. आमच्याकडे साधा ब्लूटूथ स्पीकर आहे, भिंतीला कोपऱ्यात टेकवला की खालचा आवाज बरा भरतो, बास. एलपीवाल्यांचा एक पंथ आहे तो लगेच येईल इथे, "डिजिटलमध्ये जान नाही" वगैरे. दादा, तुमच्याकडे टर्नटेबल आहे, छान आहे, पण तुम्ही सुईचा आणि ॲम्पचा फोटो टाकता आणि त्यावर कोणता राग चाललाय ते लिहीतच नाही, ह्याला काय म्हणायचं?

आता इअरफोनकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. आपल्या पिढीने किती गाणं न मागता ऐकलंय! सकाळी विविध भारतीवर संगीत सरिता लागायची, आंघोळीच्या रांगेत उभं राहून यमन आणि यमन कल्याणमधला फरक कानावर पडायचा. "आपली आवड" हा कार्यक्रम लागला की आधी फर्माईश करणाऱ्यांची ती लांबलचक नावं आणि गावं, आणि मग एकदाचं गाणं. आजी सांगायची की १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा ज्यांच्याकडे रेडिओ त्यांच्या घरी अख्खी आळी, रेडिओला हार, उदबत्ती. आणि त्यात माणिक वर्मा, वसंतराव असे किती वेगवेगळे आवाज होते, बाबूजींचं (सुधीर फडक्यांचं) एकट्याचं नंतर घराघरात पोचलं, आजी मात्र शेवटपर्यंत "रेडिओवर असं नव्हतं" म्हणायची. म्हणजे घरात मोठ्याने लावलेलं गाणं हेच शेअरिंग होतं. आवडो न आवडो, सगळ्यांच्या कानात. आता घरात चार माणसं, आठ कानांत इअरबड्स, आणि प्रत्येकाचं ॲप प्रत्येकाला तेच परत परत वाढतंय जे त्याला आधीच आवडतं. माझ्यासारखीला चुकून मारवा कसा भेटणार?

आणि ह्यात तरुणांना नावं ठेवणाऱ्यांनी जरा थांबा. आमच्या घरात सगळ्यात चांगलं गाणं कोण ऐकवतं माहितीये? लेक. वय सतरा, कोरियन गाणी ऐकते, एक शब्द कळत नाही मला. पण ती माझ्या एका कानात तिचा एक इअरबड घालते आणि म्हणते, आई थांब, आता बघ सगळे ड्रम्स बंद होतात आणि फक्त ती श्वास घेते, आत्ता, आत्ता, हे बघ! आणि खरंच तिथे काहीतरी होतं. आमच्या ग्रुपवरच्या "निःशब्द" काकांपेक्षा ही पोरगी सरस. मी तिला बदल्यात शास्त्रीय गायिका मालिनी राजूरकरांचा टप्पा (द्रुत तानांचा गानप्रकार) ऐकवला. संथ लयीतला बडा ख्याल मुद्दाम नाही ऐकवला, पळून गेली असती. टप्प्यात कसं सगळं झरझर, शब्दाला जागाच नाही, तानेतून शब्द वाट काढत येतात. ती म्हणाली ह्या बाई श्वास कधी घेतात? बरोब्बर! हाच प्रश्न पडायला पाहिजे. मालिनीताई सप्टेंबर २०२३ ला गेल्या, लोकांनी आरआयपी लिहिलं आणि नाट्यगीतांच्या त्याच दोन लिंका फिरवल्या, "पांडुनृपति" आणि "नरवर कृष्णासमान". सुंदरच आहेत दोन्ही, पण टप्पा कुणीच पाठवला नाही.

फुकटच्या ॲपवर आलापाच्या मध्ये बनियनची जाहिरात येते ते दुःख तर मी बोलतच नाही. बाबांना कारवां (रेडिओसारखा दिसणारा म्युझिक प्लेअर) घेऊन दिलाय, त्यात ५००० गाणी आधीच भरलेली, जाहिरात नाही, नेट नाही, ते खुश. ख्याल ऐकायचा झाला तर त्याचा उपयोग नाही, पण दुपारी स्वयंपाकघरापर्यंत आवाज येतो आणि आईला न मागता आशाबाई ऐकायला मिळतात, मला तेवढं पुरे.

एक शेवटची तक्रार आणि मग थांबते. नावं लिहा हो, सगळ्यांची. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तर गाणं संपल्यावर बाई ठसक्यात सांगायच्या, माय नेम इज गौहरजान! कारण तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या माणसाला लेबलवर काय छापायचं ते कळायला पाहिजे. आणि आज आपण काय करतो, तर "अप्रतिम यमन, नक्की ऐका". कुणाचा? तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मैफल कुठली, साल कुठलं? एलपीच्या कव्हरवर मागे सगळं छापलेलं असायचं, कॅसेटच्या कागदावर पण बारीक अक्षरात का होईना असायचं, आणि आता ॲपवर गायकाचंच नाव धड नसतं तर तबलजीला कोण विचारतंय. पेटीवाला तर बिचारा कुठेच नाही.

तर मग माझं आज काय चाललंय ते पण सांगते, नियमाप्रमाणे. मालिनीताईंचा एक खाजगी मैफलीतला टप्पा, कॅसेटवरून कुणीतरी चढवलेला, सुरुवातीची ओळ कापलेली आहे आणि मध्ये कुणीतरी खोकतंय. मजा आहे ती मुखड्याच्या (परत परत येणाऱ्या पहिल्या ओळीच्या) आधीच्या तानेत, ती इतकी उशिरा वळते की आता समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मालिनीताई पोचत नाहीत असं वाटतं आणि तबलजी पण तिथे हात हलका करून वाट बघतो, मग दोघं एकदम येतात आणि श्रोत्यांतून एक बाई मोठ्याने हसते. ती जागा मी काल लेकीला परत परत लावून दाखवली. अपलोड करणाऱ्याने तबलजीचं नाव लिहिलेलं नाही. खाली कमेंटमध्ये लिंक देतेय, कुणाला ठेक्यावरून हात ओळखू आला तर प्लीज लिहा.