डूहानचा अंगठा

मोटारसायकल रेसर मिक डूहानवरचा तुमचा लेख आवडला. पण त्याची 1994 ते 1998 अशी सलग पाच 500 सीसी (तेव्हाच्या सर्वात वरच्या गटातली) जागतिक विजेतेपदं मोजताना 1992 चा अपघात एका वाक्यात उरकलात, तिथे चुटपुट लागली. खरी गोष्ट तर तिथेच आहे की!

त्या वर्षी तो प्रतिस्पर्धी वेन रेनीच्या 65 गुणांनी पुढे होता. नेदरलँड्समधल्या असेनला सरावात पडला, उजवा पाय मोडला, शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन पाय कापायची वेळ आली. रेसर्सवर उपचार करणाऱ्या डॉ. क्लाउडिओ कोस्टांनी त्याला अक्षरशः उचलून इटलीला नेलं आणि उजव्या पायाला रक्त मिळावं म्हणून दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले! आठएक आठवड्यांत गडी ब्राझीलला पुन्हा गाडीवर. विजेतेपद रेनीकडे गेलं, फक्त 4 गुणांनी.

घोटा मात्र कायमचा आखडला. उजव्या वळणावर गाडी झुकली की मागच्या ब्रेकचं पेडल दाबता येईना. मग डाव्या हँडलवर अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवला. आपण स्कूटरवर मागचा ब्रेक डाव्या हाताने दाबतोच, पण तिथे क्लच नसतो. याला क्लच बोटांनी सांभाळून अंगठ्याने ब्रेक मारायचा होता, तोही टू-स्ट्रोक 500 सीसी गाडीवर, जी मागच्या चाकाने कधी फेकून देईल याचा नेम नसायचा. याच अवस्थेत 1997 मध्ये 15 पैकी 12 शर्यती जिंकल्या. आज मोटोजीपीत (500 सीसीची जागा घेतलेल्या गटात) धडधाकट पायांचे रायडरही अंगठ्याचा ब्रेक वापरतात.

शेवटी 1999 मध्ये स्पेनमधल्या हेरेझला पुन्हा पाय मोडला आणि डूहान थांबला. यावर स्वतंत्र लेख लिहाच.