‘शेवटी तो एक लाकूडवालाच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतले टीममालक केन टिरेल आणि त्यांच्या रेसिंग टीमवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. वाचल्यावर लगेच उत्तर द्यायचं मुद्दाम टाळलं. आता शांतपणे लिहायला बसलो आहे. तरीही कुठे आवाज चढलाच, तर आधी स्वतःची वाक्यं पुन्हा एकदा वाचा.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश. तुमचं म्हणणं असं: ‘शेवटी तो एक लाकूडवालाच. चेसिस मात्राची, इंजिन फोर्डचं, पैसा एल्फचा आणि डोकं स्ट्यूअर्टचं. योग्य वेळी योग्य माणसं भेटली, यात त्याचं स्वतःचं काय?’ (चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, मात्रा ही फ्रेंच कंपनी, एल्फ ही फ्रेंच तेलकंपनी, आणि स्ट्यूअर्ट हा टिरेलचा ड्रायव्हर.) पुढे १९८४ची बंदी मी दोन ओळींत उरकली, सहाचाकी गाडी फसली हे लपवलं, आणि मार्च या कंपनीच्या गाडीचा नुसता ओझरता उल्लेख केला, अशी यादी. शेवटी, ‘घरात बसून टीव्हीवर शर्यती बघणाऱ्यांनी अशा माणसांची चरित्रं लिहायच्या भानगडीत पडू नये’ हा सल्ला.

मार्चबद्दलचं म्हणणं रास्त आहे. १९७०च्या त्या हंगामाला जास्त जागा मिळायला हवी होती, आणि ती मी इथे देणार आहे. तुमच्या यादीतली एवढी एक गोष्ट मला मनापासून पटली.

पण पहिल्या वाक्यातला तो ‘लाकूडवाला’ माझ्या डोक्यातून जात नाही. टीका करा, आकडे मांडा, मी चुकीचा आहे हे दाखवून द्या. माणसाचा धंदा शिवीसारखा तोंडावर फेकण्याची गरज काय होती? लेख न आवडणं समजू शकतो. ही भाषा कुठून आली?

तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. मी वखारीत वाढलेला माणूस आहे. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये आमची लाकडाची वखार होती. वडील बल्लारशाच्या वनखात्याच्या डेपोत लिलावाला जायचे, आणि मोठा झाल्यावर मीही त्यांच्याबरोबर जायचो. सागाचा ओंडका लिलावात कापून बघता येत नाही. बाहेरून बघायचं, टोकाला हात फिरवायचा, ठोकून आवाज ऐकायचा, गाठी कुठे आहेत आणि चीर कुठवर गेली असेल याचा अंदाज बांधायचा, आणि मग बोली लावायची. आतून पोखरलेला निघाला तर नुकसान आपलं. हे शिकायला वर्षं जातात आणि काहींना जन्मभर जमत नाही. पुढे मी भोसरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी केली, तेव्हाही वखारीतलं शिक्षणच कामाला आलं. ‘विकतच तर घेतलं, त्यात काय’ असं म्हणणाऱ्यानं कधी स्वतःच्या जबाबदारीवर काही मोठं विकत घेतलेलं नसतं, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आता टिरेल. जन्म १९२४चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये फ्लाइट इंजिनिअर. युद्ध संपल्यावर भावाबरोबर लाकडाचा धंदा. १९५१ साली गावच्या फुटबॉल क्लबाच्या सहलीबरोबर ते सिल्व्हरस्टोनला गेले, तिथे ५०० सीसीच्या छोट्या गाड्यांची शर्यत पाहिली, आणि पुढच्या वर्षी स्वतःच कूपर कंपनीची गाडी घेऊन ट्रॅकवर उतरले. काही वर्षं गाडी चालवल्यावर, आपण बरे ड्रायव्हर आहोत पण अव्वल नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी स्वतः थांबून दुसऱ्याला बसवायचं ठरवलं. सरेमधल्याच ऑकमच्या वखारीतल्या लाकडी शेडमध्ये १९६० साली फॉर्म्युला ज्युनियर या खालच्या गटातल्या शर्यतींची टीम उभी राहिली. मोटरसायकलचा विश्वविजेता जॉन सर्टीस आयुष्यातली पहिली मोटार शर्यत धावला ती त्याच वर्षी इंग्लंडमधल्या गुडवुडच्या ट्रॅकवर, टिरेलच्या गाडीत. जिम क्लार्कच्या मागे दुसरा आला.

‘योग्य माणसं भेटली’ म्हणता? भेटली नाहीत हो, शोधली. १९६४च्या सुरुवातीला गुडवुडच्या ट्रॅक मॅनेजरनं एका स्कॉटिश पोराचं नाव सुचवलं, तेव्हा टिरेलनी त्याला चाचणीला बोलावलं. त्याच गाडीत त्या दिवशी ब्रूस मॅक्लारेन होता, तेव्हाचा प्रस्थापित फॉर्म्युला वन ड्रायव्हर. पोरानं त्याच्यापेक्षा कमी वेळ नोंदवली. मॅक्लारेन पुन्हा गेला, वेळ सुधारून आला. पोरगं पुन्हा गेलं आणि पुन्हा पुढे. तो जॅकी स्ट्यूअर्ट. टिरेलच्या फॉर्म्युला थ्री टीमसाठी त्यानं स्नेटर्टनची पहिलीच शर्यत, तीही पावसात, जिंकली. ट्रॅक मॅनेजर असे सल्ले अनेकांना देतात. ऐकून गाडी देणारा एक निघाला.

‘डोकं स्ट्यूअर्टचं’ हेही जाता जाता बघू. १९६८, जर्मनीतला न्यूरबर्गरिंगचा ट्रॅक. पाऊस आणि दाट धुकं, वर स्ट्यूअर्टचं मनगट आधीच्या अपघातात मोडलेलं. सरावाला उतरायची त्याची अजिबात इच्छा नव्हती. टिरेलनी आग्रह धरला की जाच, पाण्याचे लोट रस्त्यावर कुठे वाहतात ते शर्यतीआधी कळलं पाहिजे. शर्यत स्ट्यूअर्टनं ४ मिनिटांहून जास्त फरकानं जिंकली, आणि टिरेलचा आग्रह बरोबर होता हे पुढे त्यानंच सांगितलं. स्ट्यूअर्टच्या कारकिर्दीतल्या एकूण २७ विजयांपैकी २५ टिरेलच्या टीमकडून आहेत. त्यानं फॉर्म्युला वनमधली सुरुवात बीआरएम या दुसऱ्या टीमकडून केली होती आणि तिथे दोन विजय मिळवले होते. डोकं तेव्हाही त्याचंच होतं ना?

इंजिनाकडे येतो, कारण तुमचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. कॉसवर्थ या इंग्लिश कंपनीनं फोर्डच्या पैशातून बनवलेलं डीएफव्ही इंजिन १९६७ साली नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला लोटस टीमच्या गाडीत पहिल्यांदा धावलं आणि जिम क्लार्कनं ती शर्यत जिंकली. ते पाहून टिरेलनी ठरवलं की हेच इंजिन हवं, तेव्हा त्यांच्याकडे फॉर्म्युला वनची गाडीसुद्धा नव्हती. गाडी त्यांनी फ्रान्सच्या मात्राकडून मिळवली. क्षेपणास्त्रं बनवणारी ती कंपनी आपल्या चेसिसमध्ये परक्याचं इंजिन बसवू द्यायला तयार झाली. फ्रेंच चेसिस, इंग्लिश इंजिन, स्कॉटिश ड्रायव्हर, आणि हे सगळं एका वखारीतल्या शेडमधून चालवलेलं. १९६९ची ड्रायव्हरचं आणि गाडीचं अशी दोन्ही विजेतेपदं याच जमवाजमवीला मिळाली.

आणि हे इंजिन टिरेलना एकट्याला मिळत नव्हतं. ७५०० पौंडांना विकत मिळायचं. १९७१ साली लोटस, मॅक्लारेन, ब्रॅबहॅम, मार्च, सर्टीस, सगळ्यांकडे तेच. त्या हंगामात ११ शर्यती झाल्या. फेरारीनं २ जिंकल्या, बीआरएमनं २, आणि या दोघांची इंजिनं त्यांची स्वतःची. उरलेल्या ७ टिरेलच्या: ६ स्ट्यूअर्टनं आणि वॉटकिन्स ग्लेनची फ्रांस्वा सेव्हेरनं. डीएफव्ही बसवलेल्या बाकी एकाही टीमला त्या वर्षी एकसुद्धा शर्यत जिंकता आली नाही. लोटसलाही नाही! इंजिन फोर्डचं म्हणून टिरेल जिंकले असतील, तर बाकीचे का हरले? याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही, आणि मी ती बऱ्याचदा वाचली आहे.

मार्चची गोष्ट इथेच येते. १९७०साठी मात्रानं अट घातली की यापुढे आमचंच व्ही-१२ इंजिन. विजेतेपद हातात, कंपनी पाठीशी, पैसा समोर. दुसऱ्या कुणी मान डोलावली असती. स्ट्यूअर्टनं ते इंजिन चालवून पाहिलं, ते पुरेसं नाही असं दोघांचं मत पडलं, आणि टिरेलनी विश्वविजेती गाडी सोडून दिली. दुसरी चांगली चेसिस कुणी विकायला तयार नव्हतं, म्हणून नुकत्याच सुरू झालेल्या मार्च कंपनीची ७०१ घेतली. जड, अवघड गाडी. तरी हारामाच्या ट्रॅकवर स्ट्यूअर्टनं तिच्यात स्पॅनिश ग्रां प्री जिंकली. आणि वरवर हे चालू असताना आतून वेगळंच शिजत होतं. डेरेक गार्डनर हा अभियंता आपल्या घरी बसून टिरेलची स्वतःची पहिली गाडी आखत होता, बाहेर कुणाला पत्ता नाही. ऑगस्टमध्ये ती ऑल्टन पार्कला सगळ्यांसमोर आली आणि सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या मों त्रांब्लांला पोल पोझिशनवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सगळ्यात पुढे, उभी राहिली. तिला नाव दिलं ००१. एल्फचा पैसा होता, नाकारत नाही. पण मात्राला ‘नाही’ म्हणण्याचा धोका एल्फनं घेतला नव्हता.

हे सगळं होत असताना नोरा टिरेल, केन यांच्या पत्नी, ट्रॅकवर टीमच्या लोकांना सँडविच करून घालत होत्या. हा तपशील तुम्हाला बाळबोध वाटला, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या वखारीत हमालांचा चहा आई करायची. मला तो बाळबोध वाटत नाही.

राहिलं १९८४. डेट्रॉइटच्या शर्यतीनंतर टिरेलच्या गाडीतल्या पाण्याच्या टाकीत शिशाच्या गोळ्या सापडल्या. गाडी शर्यतभर नियमापेक्षा हलकी ठेवून शेवटी शेवटी पाण्याबरोबर त्या भरून वजन वाढवलं, असा आरोप झाला, आणि पाण्यात इंधनाचे अंश असल्याचाही. टीमचा सगळा हंगाम पुसून टाकला गेला. मोनॅकोच्या पावसात श्टेफान बेलोफनं मिळवलेला तिसरा क्रमांकही गेला. गोळ्या होत्या, हे मी मूळ लेखातही लिहिलं आहे. पण जास्त ताकदीचं आणि जास्त इंधन पिणारं टर्बो इंजिन नसलेली टिरेल ही तेव्हाची एकच टीम होती, आणि पुढच्या वर्षी एका शर्यतीच्या इंधनाची मर्यादा २२० लिटरवरून १९५ लिटरवर उतरणार होती, ती उतरू नये म्हणून टर्बोवाल्यांना सगळ्यांची संमती हवी होती आणि टिरेल ती देत नव्हते, हेही तितकंच खरं आहे. बंदीनंतर १९८५ साली मर्यादा २२० लिटरच राहिली. यावर मी याहून जास्त लिहिणार नाही; तो लेख खटल्याचा नव्हता.

सहाचाकी पी-३४ ‘फसली’, तर १९७६ साली स्वीडनमध्ये तिनं पहिला आणि दुसरा क्रमांक कसा मिळवला तेवढं सांगा. पुढच्या छोट्या चाकांच्या टायरचा विकास मागे पडला म्हणून ती थांबली. पुढचा मुद्दा.

टीव्हीबद्दल. होय, मी शर्यती टीव्हीवरच बघितल्या. नव्वदच्या दशकात केबल आली, तेव्हा टिरेलची गाडी रांगेत मागेच असायची आणि मी तिच्यासाठीच बसायचो. कॅमेरा तिच्यावर क्वचितच जायचा. १९९० साली त्यांनी ०१९ या गाडीचं नाक उंच उचललं आणि मग एकेक करत सगळ्या टीमनी तसंच केलं, हे मी वाचून, फोटो शेजारी ठेवून, समजून घेतलं. या विषयावर लिहायला पॅडॉकचा, म्हणजे ट्रॅकवरच्या टीमच्या आवाराचा, पास लागतो हा नियम कुणी केला? आपल्याकडे किती जणांनी लॉर्ड्सवर पाय ठेवला आहे, आणि क्रिकेटवर कोण लिहीत नाही?

तुम्ही ज्याला नशीब म्हणता, त्याची परीक्षा शेवटच्या वर्षी झाली होती. १९९७च्या अखेरीस टीम ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोला विकली गेली. १९९८च्या हंगामापुरतं नाव तेच राहणार होतं आणि केन टिरेलना नुसतं सन्मानानं बसून राहता आलं असतं. नव्या मालकांनी टिरेलना हव्या असलेल्या योस व्हर्स्टापेनऐवजी रिकार्डो रॉसेटला ड्रायव्हर म्हणून घेतलं, आणि टिरेल स्वतःच्या नावाच्या टीममधून निघून गेले. वय सत्तरीच्या पुढे. ड्रायव्हर निवडणं हेच आपलं काम, हे त्यांना शेवटपर्यंत पक्कं माहीत होतं. त्या टीमची जागा पुढे बारकडे (ब्रिटिश अमेरिकन रेसिंग) गेली, मग होंडा, मग ब्रॉन, आणि आज तिथे मर्सिडीज आहे. वखारीतली ती शेड उचलून गुडवुडला पुन्हा उभारली आहे. ज्यांना हा धंदा आणि हा खेळ दोन्ही कळतो, त्यांनी ‘लाकूडवाल्या’ची शेड जपून ठेवली.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. १९७१च्या त्या ११ शर्यतींबद्दल काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. पण त्या माणसाचा किंवा माझ्या वडिलांचा धंदा पुन्हा त्याच सुरात काढलात, तर ती प्रतिक्रिया इथे प्रसिद्ध होणार नाही.