साइड शिफ्टर लावल्यावर अडीच टन अडीच टनच राहतात?

एमआयडीसीतल्या फोर्कलिफ्टवाल्यांच्या ग्रुपांवर साइड शिफ्टरबद्दल, म्हणजे गाडी जागेवर ठेवून माल उचलणारे काटे डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या जोडाबद्दल, एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा आशय असा: साइड शिफ्टर म्हणजे दोन प्लेटा आणि एक सिलिंडर, कुठलाही चांगला वेल्डर बनवून देतो. तो लावल्याने गाडीची क्षमता बदलत नाही. काटे शंभर मिलिमीटर इकडेतिकडे सरकले म्हणून काही बिघडत नाही. आत नायलॉनचे पॅड असतात, त्यामुळे ग्रीसची भानगड नाही. आणि सगळ्यात शेवटी टाळ्यांचं वाक्य: हुशार ऑपरेटरला साइड शिफ्टर लागतच नाही.

शेवटच्यापासून सुरुवात करू, कारण ते लवकर निकालात निघतं. शिपिंग कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर. त्यात ११०० मिलिमीटरची दोन पॅलेटं शेजारीशेजारी लावली की एकूण १५० मिलिमीटर फट उरते, तीही तीन ठिकाणी वाटली गेलेली. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, म्हणजे तोंड जरा डावीकडे घेतलं की ढुंगण उजवीकडे जातं आणि कंटेनरच्या पत्र्याला लागतं. न्हावा शेव्याला जाणारा माल भरणाऱ्या कोणालाही विचारा. तिथे हुशारी म्हणजे सारखं मागेपुढे करून डिझेल जाळणं नव्हे, पॅलेट आत नेऊन लीव्हर ढकलून भिंतीलगत सरकवणं.

आता क्षमता. गाडीवर ‘२५०० किलो’ लिहिलेलं असतं, पण त्याच पाटीवर ‘५०० मिलिमीटर’ही लिहिलेलं असतं, आणि ते कोणी वाचत नाही. अर्थ असा की मालाचा गुरुत्वमध्य काट्याच्या उभ्या तोंडापासून ५०० मिलिमीटरवर असेल, तरच २५०० किलो. फोर्कलिफ्टचा सगळा व्यवहार पुढच्या चाकांच्या आसावर तोललेला असतो: पुढे माल, मागे काउंटरवेट. वजनाइतकंच अंतरही महत्त्वाचं.

एक हिशेब करून बघा. पुढच्या आसापासून काट्याच्या तोंडापर्यंतचं अंतर ४८० मिलिमीटर धरू. या वर्गातल्या गाड्यांना ते जवळपास तेवढंच असतं. मालाचा मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, झाला २५०० गुणिले ९८०, म्हणजे २४.५ लाख किलो-मिलिमीटर. आता वरून अडकवायचा साइड शिफ्टर लावला: वजन ९० किलो, जाडी ६० मिलिमीटर. त्याचं स्वतःचं वजन या मोमेंटमधले सुमारे ४६ हजार खातं. शिवाय काटे ६० मिलिमीटर पुढे गेले, म्हणून उरलेल्याला आता ९८० ऐवजी १०४० ने भागायचं. उत्तर येतं साधारण २३१० किलो. म्हणजे जवळजवळ १९० किलो गेले, त्यातले निम्म्याहून जास्त निव्वळ जाडीमुळे. मजकूर लिहिणाऱ्याने फार तर शिफ्टरचं वजन वजा केलं असेल. जाडीचा विचार त्याच्या मनातही आलेला दिसत नाही.

म्हणूनच डिझाइन करणारे जाडीवर इतके भांडतात. सरकणारी चौकट मूळ कॅरेजमध्येच (काटे ज्यावर अडकवतात त्या वरखाली होणाऱ्या चौकटीतच) सामावली, म्हणजे ज्याला इंटिग्रल म्हणतात, तर हीच घट बरीच कमी होते. पैसे त्याचेच घेतात. माझा हा हिशेब अंदाजापुरता आहे. गाडीवर लावायचा खरा आकडा उत्पादकाने मास्टची, म्हणजे माल वर नेणाऱ्या पुढच्या उभ्या खांबांची, उंची धरून द्यायचा असतो. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार क्षमतेवर परिणाम होईल असा बदल उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही, आणि पाटीही बदलावी लागते. त्या पाटीवरचा आकडा माल आडव्या दिशेने मधोमध धरून असतो. काटे एका बाजूला सरकवून माल वर नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

तिथूनच शंभर मिलिमीटरच्या मुद्द्यावर येऊ. गाडी ३७०० किलोची, माल २३०० किलोचा. माल १०० मिलिमीटर सरकला की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ३८ मिलिमीटर बाजूला जातो. जमिनीलगत असताना ठीक आहे. पण तोच माल चार मीटरवर असेल तर एकत्रित गुरुत्वमध्य दोन मीटरच्या आसपास चढलेला असतो, आणि तिथे ३८ मिलिमीटर म्हणजे फरशी एका अंशाने कललेली असण्यासारखं. त्यात एक चाक खड्ड्यात, टायरमध्ये हवा कमी, ऑपरेटर वळण घेतोय. बेरीज आपली आपण करावी. चार चाकं आहेत म्हणून चार पायांचा आधार आहे, असंही नाही; मागचा आस मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे आधार तिघांचाच: पुढची दोन चाकं आणि ती पिन.

मास्टलाही हे सोसावं लागतं. २३०० किलो गुणिले १०० मिलिमीटर हा पिळ कॅरेजच्या बाजूच्या रोलरांवर येतो. वरच्या-खालच्या रोलरांत ३५० मिलिमीटर अंतर असेल तर प्रत्येकावर साडेसहाशे किलोचा आडवा दाब. हे रोलर झिजलेल्या गाडीला शिफ्टर लावून दिला की महिन्याभरात कॅरेज वाकडी चालायला लागते आणि दोष शिफ्टरला जातो.

वेल्डरचा मुद्दा थोडा तपशिलात बघावा लागेल, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. आपल्याकडे उत्तम फॅब्रिकेटर आहेत आणि तयार मालाच्या किमती जास्त आहेत, हे कबूल. पण वेल्डरला कोणतं ड्रॉइंग देता? कॅरेजच्या आडव्या बारांची मापं आयएसओ २३२८ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली आहेत: १००० ते २५०० किलोला वर्ग दोन, उंची ४०७ मिलिमीटर, त्यावर ५ टनांच्या आतपर्यंत वर्ग तीन, ५०८ मिलिमीटर. ‘कुठल्याही गाडीला बसतो’ म्हणणाऱ्याने टेप लावून पाहिलेला नसतो. वरच्या बारच्या मध्यभागी एक खाच असते. सिलिंडरची सगळी प्रतिक्रिया त्या खाचेत बसणाऱ्या लगवर (लोखंडी खुंटीवर) येते. तो लग टाचून लावला तर काटे सरकायच्या ऐवजी सिलिंडरच बारवरून सरकतो. बारवर अडकणाऱ्या हुकच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई हवी. गॅस कटरने काटकोनात कापलेला हुक बरोबर त्या कोपऱ्यातून तडकतो. आणि ईएन-८ सारखं कार्बन जास्त असलेलं पोलाद आधी न तापवता वेल्ड केलं की वेल्ड छान दिसतो, तडा त्याच्या शेजारी पडतो.

तेलाचा वेग कमी करणारं बारीक भोकाचं रिस्ट्रिक्टर हा आणखी एक सुटणारा भाग. किंमत किरकोळ. तो नसला की लीव्हरला बोट लागताच उंचावरचा माल झटका खातो.

राहिली ग्रीस. २३०० किलो उचलल्यावर वरच्या पॅडवर खालच्या दिशेने तेवढं वजन असतंच, शिवाय माल पुढे झुकवत असल्यामुळे वरचा पॅड बाहेर ओढला जातो आणि खालचा आत दाबला जातो, प्रत्येकी साधारण तीन टनांनी. म्हणजे सरकताना आठ टनांवर घर्षण. पॅड स्वच्छ आणि ग्रीस लावलेले असतील तर आठशे किलोच्या जोरात काम होतं. पॅड झिजून लोखंडावर लोखंड आलं, त्यात सिमेंटची धूळ गेली, की अडीच टन लागतात. आणि ५० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १४० बार तेलदाबाला जेमतेम पावणेतीन टन ढकलतो, रॉडच्या बाजूने त्याहूनही कमी. मग शिफ्टर एका बाजूला जातो, दुसऱ्या बाजूला अडकतो, ऑपरेटर लीव्हर दाबून धरतो आणि मिस्त्री पंप बदलायला सांगतो. पंप बदलण्याआधी फक्त माल उतरवून रिकामे काटे सरकवून बघा. रिकाम्याला सुरळीत आणि मालाला अडखळत असेल, तर आधी पॅड काढून जाडी मोजा.