तालुक्याच्या दवाखान्याला दहा हजार फॉलोअर कशाला हवेत?

डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: रोज एक रील टाका, ट्रेंडिंग गाणं लावा, सगळ्या पेशंटचे नंबर एका ग्रुपात घ्या, आधी-नंतरचे फोटो टाका, बूस्ट मारा (म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवा), कमेंटमध्येच सल्ला द्या, दहा हजार फॉलोअर झाले की ओपीडी आपोआप भरते. विदर्भातल्या दारव्हा, मेहकर, चिमूर किंवा धारणीच्या दवाखान्याला यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. का, ते एकेक करून पाहू.

‘दहा हजार फॉलोअर झाले की ओपीडी भरते.’ तालुक्याच्या जागी पेशंट येतो तो एसटीनं, काळीपिवळीनं नाही तर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. म्हणजे दवाखान्याचा पट्टा फार तर २०–२५ किलोमीटरचा. समजा त्यात चाळीस गावं आहेत आणि गावागणिक हजार-दीड हजार वस्ती. सगळी मिळून चाळीस ते साठ हजार माणसं, त्यात लेकरं आणि म्हातारी धरली. एवढ्यातून दहा हजार फॉलोअर मिळणार नाहीत. आकडा गाठलाच तर तो सुरत-इंदूरच्या प्रेक्षकांनी गाठलेला असतो, आणि त्यातलं कुणी ताप आला म्हणून चिमूरला येत नाही. आपल्या फेसबुक पेजच्या इनसाइट्समध्ये (पेज कोण बघतं त्याच्या आकडेवारीत) ‘ऑडियन्स’ उघडा आणि शहरांची यादी वाचा. पहिल्या पाचांत आपला तालुका किंवा शेजारचा तालुका नसेल, तर पेज वाढतंय पण दवाखान्यासाठी नाही.

मोजायचंच असेल तर केसपेपरवर एक रकाना वाढवा: ‘दवाखाना कसा कळला?’ पर्याय पाच पुरे: नातेवाईक-शेजारी, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, गूगल मॅप, रस्त्यावरचा बोर्ड. काउंटरवरच्या माणसानं विचारून खूण करायची, तीन महिन्यांनी बेरीज करायची. लाइक मोजण्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, पण खरं आहे.

‘रोज एक रील टाका.’ रोज टाकायचं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यात विषय संपतात. मग ‘पाणी भरपूर प्या’ सुरू होतं, मग गाणी. ट्रेंडिंग गाण्याचा आणखी एक घोळ आहे: इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला चित्रपटांची बहुतेक गाणी वापरता येत नाहीत. बाहेरून जोडून टाकलं, तर आवाज बंद होण्याची शक्यता असते. आठवड्याला दोन व्हिडिओ पुष्कळ झाले. फक्त ते त्या महिन्यात वावरात आणि घरात जे चाललंय त्याचे हवेत.

विदर्भाचं आरोग्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मार्चअखेरीपासून ऊन, मेमध्ये अकोला, नागपूर, चंद्रपूर ४५ अंशांच्या वर जातात. तेव्हा घरच्या घरी साखर-मिठाचं पाणी कसं करायचं ते दाखवा: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा खरोखर हातात धरून, वर आलेली साखर बोटानं सपाट करून दाखवायची, कारण लोक शिगोशीग भरतात आणि मीठ जास्त पडलं तर लेकराला अपाय होतो. जून-जुलैत पेरणी आणि साप: करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, प्रतिविष जिथं आहे तिथं थेट न्या, १०८ लावा. जवळ प्रतिविष कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं त्याचं नाव व्हिडिओत घ्या. तो तुमचा दवाखाना नसला तरी घ्या. विश्वास तिथंच बसतो.

पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेली की फवारणीचा धोका वाढतो, कारण औषध तोंडाच्या उंचीवर उडतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार आणि मजूर दगावले, त्यामुळे हा विषय इथं कुणाला समजावून सांगावा लागत नाही. व्हिडिओत फक्त कृती सांगा: वाऱ्याकडे पाठ, हातमोजे, फवारताना तंबाखू-बिडी नाही, घरी आल्यावर साबणानं आंघोळ, ते कपडे वेगळे धुवायचे. घाम, लाळ, उलटी, धुरकट दिसणं यातलं काही झालं तर निघायचं आणि औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत आणायचं. ही शेवटची सूचना बहुतेक व्हिडिओंत राहून जाते, आणि उपचार ठरवायला डॉक्टरला तीच लागते.

सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) पोस्ट बहुतेक जण १९ जूनला, जागतिक दिनाला टाकतात. तोवर लग्नसराई उरकलेली असते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांत ती जानेवारीत, सोयरिकी जुळायला लागतात तेव्हा हवी. मजकूर एवढाच: दोघंही वाहक असतील (स्वतःला आजार नाही, पण त्याचा दोष रक्तात आहे) तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून कुंडलीआधी रक्त तपासा.

व्हिडिओ ४५ सेकंदांचा, उभा. पहिल्याच वाक्यात काम सांगा. ‘नमस्कार, मी डॉक्टर अमुक’ यात पाच सेकंद जातात आणि बोट पुढं सरकतं. कुलर आणि पंखा बंद करून बोला, खिडकीकडे तोंड करा, वायरचा साधा कॉलर माइक लावा. चित्र थोडं धुरकट असलं तरी चालतं, आवाज घुमला की माणूस थांबत नाही. ‘उष्माघात’ म्हणण्यापेक्षा ‘ऊन लागलं’ म्हणा. मेळघाटात दवाखान्यातली सिस्टर कोरकू बोलणारी असेल तर तिचाच आवाज घ्या. वेळ रात्री आठनंतरची, आणि आठवडी बाजाराची आदली संध्याकाळ तर चुकवूच नका. बाजाराच्या दिवशी माणूस तालुक्याला येणारच असतो. दवाखाना त्याच फेरीत उरकतो.

‘सगळ्या पेशंटचे नंबर एका ग्रुपात घ्या.’ या मजकुरातला सगळ्यात घातक सल्ला हाच. ग्रुपात १,०२४ माणसं मावतात आणि प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. क्षयाचे, मनोविकाराचे, गर्भपाताचे उपचार घेणारे त्यात असतात. अमुक दवाखान्याच्या ग्रुपात दिसला, एवढ्यावरून गावात चर्चा होते. बायकांच्या नंबरवर रात्री मेसेज यायला लागतात, आणि आठवडाभरात तिथं सुप्रभात आणि प्लॉटच्या जाहिराती.

त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. पण एक मेख आहे: ज्यानं दवाखान्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ‘ब्रॉडकास्ट चालत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा इथंच असते. म्हणून केसपेपर काढतानाच पेशंटच्या, नाही तर सोबत आलेल्या पोराच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून घ्या, आणि ‘हो’ एवढा मेसेज त्याच्याकडून पाठवून घ्या. संमतीची नोंदही होते. लिस्ट आजारावर नको, गावावर करा: ‘बाजारपट्टा’, ‘नदीपलीकडची गावं’. डॉक्टर बाहेरगावी असतील तर त्या-त्या पट्ट्याला आदल्या दिवशी कळवता येतं, फेरी वाचते. महिन्याला चारपेक्षा जास्त मेसेज नकोत. ज्यांच्या फोनमध्ये दवाखान्याचा नंबर सेव्ह करून घेणं जमत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल ठेवा. तिथं एका फॉलोअरला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही.

‘आधी-नंतरचे फोटो टाका.’ २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करणं अनैतिक ठरवलं आहे, आणि ओळख पटेल असा पेशंटचा फोटो परवानगीशिवाय छापता येत नाही. २ ऑगस्ट २०२३ ला आलेल्या नव्या नियमांत सोशल मीडियासाठी वेगळ्या सूचना होत्या, पण ते नियम २३ ऑगस्टलाच स्थगित झाले. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर सुट्टीवर आहेत, फी किती, हे कळवायला आचारसंहितेत मुभा आहे. मधुमेह, कर्करोग ‘बरा करतो’ अशी औषधाची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानुसार गुन्हाच. चेहरा झाकला की झालं, असं शहरात चालत असेल. हजार वस्तीच्या गावात लुगडं, गोंदण, आवाज, मागची भिंत यांवरून माणूस ओळखू येतो. एक्स-रेच्या कोपऱ्यात तर नावच असतं.

‘बूस्ट मारा.’ मारायचंच तर ठिकाण ‘महाराष्ट्र’ न ठेवता दवाखान्यावर पिन टाकून २५ किलोमीटरचं वर्तुळ घ्या, आणि फक्त शिबिर किंवा वेळ बदलल्याची सूचना बूस्ट करा. त्याआधी गूगल मॅपवरची पिन तपासा. ती दोन गल्ल्या पलीकडे असेल तर सगळा पैसा पाण्यात. हे काम फुकट आहे.

‘कमेंटमध्येच सल्ला द्या.’ सर्वांत जास्त येतो तो खाजेच्या चट्ट्याचा फोटो. गजकर्णावर दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब आधीच लावून झालेली असते, त्यामुळे चट्ट्याचं रूप बदललेलं असतं आणि फोटोवरून निदान हमखास चुकतं. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दुरून सल्ला देताना पेशंटची ओळख, वय आणि नोंद लागते. कमेंटमध्ये यातलं काही नसतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ (तयार उत्तर) करून ठेवा: ‘फोटोवरून औषध सांगता येत नाही. लावत असलेली ट्यूब सोबत आणा. ओपीडी सकाळी १० ते २.’ रात्री आपोआप जाणाऱ्या ‘अवे मेसेज’मध्ये १०८ असायलाच हवा.

कुणी पेजवर शिव्या घातल्या तर ‘तुम्ही मंगळवारी आला होता, तेव्हा बीपी वाढलेला होता’ असलं उत्तर कधीही देऊ नये. तो आपला पेशंट आहे हेसुद्धा जाहीर मान्य करायचं नसतं. ‘आपली तक्रार समजून घ्यायची आहे, कृपया दवाखान्याच्या नंबरवर फोन करावा’ एवढं लिहायचं आणि कमेंट तशीच राहू द्यायची.