आमची खोळ गेली डोंगराला

माझी खोळ अजून परत आलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं मी जरा जास्तच चिडलेला वाटलो तर कारण माहीत असेल.

ऑगस्टमध्ये आम्हाला योतुनहाइमेनला, म्हणजे नॉर्वेतल्या उंच डोंगरांत, जायचंय. ओस्लोत राहून सहा वर्षं झाली तरी सोमवारी ऑफिसात "वीकेंडला काय केलंस" ह्या प्रश्नाला "कपडे धुतले" एवढंच उत्तर, आता तर लोकांनी विचारायचंही सोडलंय. इथं रविवारी घरात बसणारा माणूस म्हणजे आपल्याकडं दिवाळीत फराळ न करणारं घर, कुणी काही बोलत नाही पण कळतं सगळ्यांना. म्हणून ग्रुप काढला. सातजण होते, तारीख ठरली तशी तिघं उरलो, आणि त्यातल्या एकानं बेसेग्गेनचं नाव ऐकून "त्यात अंडं असतं का" विचारलं. तो शाकाहारी आहे आणि त्याचंही चूक नाही म्हणा, नॉर्वेजियनमध्ये अंड्यालाही एग्ग म्हणतात आणि डोंगराच्या धारेलाही एग्गच.

तर बेसेग्गेन ही तिथली अशी एक धार. सकाळी येंदे तळ्यातून बोटीनं मेमुरुबूला उतरायचं आणि डोंगरावरून चालत येंदेसहाइमला परत यायचं, १४ किलोमीटर, ६ ते ८ तास. (येंदे हे नाव मला फार आवडतं, आमच्या सोलापूरकडं कुणी घाईत 'येऊ दे' म्हटल्यासारखं वाटतं.) धारेच्या एका अंगाला खाली हिरवंगार येंदे ९८४ मीटरवर, दुसऱ्या अंगाला निळं बेसव्हात्ने १३७३ मीटरवर, दोन तळी शेजारी शेजारी पण एक तळमजल्यावर आणि एक गच्चीवर असला प्रकार. वाटेतली सगळ्यात उंच जागा १७४३ मीटर. कळसूबाई १६४६. कळसूबाई मी दोनदा केलंय, त्यामुळे प्रश्न फक्त ९७ मीटरचा आहे असा माझा हिशोब होता.

ते ९७ मीटर भरून काढायला मी बिल्डिंगचे जिने चढउतार करायला लागलो. चार मजले, लिफ्ट नाही. पाठीवर सॅक, सॅकमध्ये न्यायचं सामान आणि वजनासाठी पाच किलो बासमती, दोन किलो तूरडाळ. पायात नवे बूट, २३०० क्रोनरचे, एवढ्यात आमच्या काकांचं अख्खं लग्न झालं होतं. डाळ ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला मी कलायचो. असाच कलत कलत शनिवारी तळघरात पोचलो तर तिथं मशीनपाशी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या.

आजी म्हणजे मी मनातल्या मनात म्हणतो, इथं सगळे एकमेकांना 'तू'च म्हणतात. वय ७९. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "तू घर सोडून चाललास का?"

म्हटलं नाही, बेसेग्गेनची प्रॅक्टिस.

"सॅक काढ."

आता ही बाई माझी कोण? पण आवाजच असा होता की काढली. मग त्यांनी वॉशिंग मशीनवर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. आधी तांदूळ निघाला. "तू वर दुकान टाकणार आहेस?" म्हटलं, ते फक्त प्रॅक्टिसचं वजन आहे. "मग जे नेणार तेच भरून प्रॅक्टिस कर की." ह्याला उत्तर नव्हतं, राग तेवढा आला. मग चकल्यांचा डबा, तो त्यांनी उघडला, एक खाल्ली, आणि वगळायच्या ढिगात न ठेवता स्वतःच्या कपड्यांच्या बास्केटवर ठेवला. मग टीशर्ट. "कापूस!" झुरळ सापडावं तसा तो दोन बोटांत धरला. कापूस भिजला की वाळत नाही, अंगावर गार पडतो, म्हणून इथं डोंगरात लोकर घालतात, जुलैत आणि ऑगस्टमध्ये सुद्धा, आतली बनियनसुद्धा लोकरीची, हे मला माहीत होतं हो, पण त्या बनियनची किंमत पाहिली आहे का कुणी?

मग छत्री निघाली.

छत्री पाहून त्या काही बोलल्या नाहीत, नुसती उघडली, डोक्यावर धरली, आणि तळघरात मधोमध उभं राहून एकदम बाजूला झोकांडी खाल्ली. वारा. मग दुसऱ्या बाजूला. "इकडं येंदे," म्हणाल्या, "आणि तिकडं बेसव्हात्ने. तुला कुठल्या तळ्यात पडायला आवडेल?"

मी म्हटलं, मी ह्याआधी डोंगर चढलोय, आमच्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर.

"पायऱ्या आहेत?"

"आहेत. म्हणजे काही ठिकाणी. लोखंडी शिड्या पण आहेत."

"वर काय आहे?"

"देऊळ."

"मग म्हाताऱ्या बायका पण चढत असतील."

"चढतात. अनवाणी."

"हं," म्हणाल्या. हा 'हं' मला अजून ऐकू येतोय.

सगळ्यात तळाशी खोळ होती. तिथल्या हटमध्ये गादी-दुलई मिळते पण आत शिरून झोपायला चादरीची पिशवी आपली आपण न्यायची, लाकेनपोसे म्हणतात, आणि दुकानात तिची किंमत पाहून मी आईला फोन केला. आईनं तिच्या जुन्या सुती पातळाची शिवून मावसभावाबरोबर पाठवली, जांभळी, हिरव्या काठांची. आजींनी ती उलगडली. मी 'कापूस' ऐकायची तयारी ठेवली. तर त्यांनी काठावरून हात फिरवला, बूट काढले, आणि सरळ आत शिरल्या. उभ्या उभ्या, गळ्यापर्यंत. पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीसारख्या मशीनपासून दारापर्यंत दोन उड्या मारल्या आणि नेमका तेव्हाच दुसऱ्या मजल्यावरचा माणूस बास्केट घेऊन आला, पुढची पाळी त्याची होती. त्यानं जांभळ्या पातळातल्या आजींना पाहिलं, मशीनवरची तूरडाळ पाहिली, उघडी छत्री पाहिली, "हाय" म्हणाला आणि परत गेला. सोमवारपासून तो मला जिन्यात पाहिलं की मोबाईल काढतो.

आजी खोळीतूनच बोलत होत्या. की इथं डोंगराचे नऊ नियम आहेत, चॉकलेटच्या रॅपरवर आतून छापलेले असतात, त्यातला आठवा लक्षात ठेव: वेळेत मागं फिर, परत फिरण्यात लाज नाही.

नियम चांगला आहे, मान्य. पण तो धुक्यात, धारेवर, पाय लटपटताना सांगायचा असतो. मला तो तळघरात सांगितला, निघायच्या दीड महिना आधी! ह्यांच्यातल्या कुणा पोराला सांगतील का असं? त्याचं आडनाव ऐकूनच समजतात की ह्याला येतं. आणि आम्ही सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळावरून घसरत गेलो ते काय, फिरायला गेलो होतो? (तसे फिरायलाच गेलो होतो. पण तरी.)

"आधी सोग्न्सव्हानला दोन चकरा मार," म्हणाल्या, "मग मला येऊन सांग."

सोग्न्सव्हान म्हणजे मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाजवळचं तळं. सपाट रस्ता, फेरी जेमतेम सव्वातीन किलोमीटर, लोक बाबागाड्या घेऊन फिरतात. मी जाणार नव्हतोच. गुरुवारी गेलो. बूट चावत होते म्हणून जरा हळू चालत होतो तर मागून बालवाडीची रांग आली, पिवळी जॅकेटं, चार-पाच वर्षांची पोरं, आणि पुढं निघून गेली. शेवटचं पोरगं वळून थांबलं आणि मला विचारलं, "तू दमलास का?" एकच फेरी केली. आजींना दोन सांगणार होतो.

सांगायला वर गेलो तर दार बंद. दारावर चिठ्ठी: ग्लित्तरहाइमला गेलेय, आठवड्यानं येईन, खोळ फार छान आहे, ट्रायलला नेलीय. म्हणजे योतुनहाइमेनलाच. माझ्याआधी, माझ्या आईच्या पातळात. चकल्यांचा उल्लेखही नाही.

रात्री आईला फोनवर सगळं रागारागानं सांगितलं. छत्री, बालवाडी, आठवा नियम, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"उंच आहे का रे ती?" म्हणाली. "तिच्यासाठी पाचवारी पुरेल, का नऊवारी काढू?"