हुकुमचंद मिलच्या झाडांवरून

इंदूरच्या रामबागेतल्या ओट्यावर परवा रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. विषय हुकुमचंद या बंद पडलेल्या कापड मिलच्या जागेचा. भर शहरातली सुमारे ४२ एकर जमीन. मिल बंद पडल्यावर तिथे आपोआप रान माजलंय. आता घरं-दुकानं बांधायची की झाडं राखायची?

सुधीर बांधकामाच्या बाजूचा. "मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. कामगारांच्या थकलेल्या देण्याचा २२४ कोटींचा चेक निघाला २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं! हाउसिंग बोर्डानं जागा घेतली म्हणून तो निघाला. आता झाडं पुढे करून अडवता?"

यावर पटकन कोणाला बोलता येईना. जवळजवळ सहा हजार कामगार होते, आणि कित्येकांचे पैसे वारसांच्या हाती आले.

अण्णांनी चहा खाली ठेवला. "त्या जागेवर आधी काय होतं ते तरी समजून घ्या." मग ते सुरूच झाले. माळव्याची काळी माती, तिच्यातला कापूस. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी संस्थानची मिल काढली ती १८६६ ची. रेल्वे इंदूरला पोचली त्याच्या दहा-बारा वर्षांनंतर. त्या रेल्वेसाठी महाराजांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ दिले, मुदत १०१ वर्षं. पुढे चीनचा अफूचा व्यापार आटला आणि शेठ लोकांचा पैसा कापडाकडे वळला. मालवा मिल १९०९, हुकुमचंद १९१५, मग कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी. पाटनीपुरा, परदेशीपुरा, नंदानगर या वस्त्या मिलच्याच जिवावर वाढल्या.

"आणि मिल संपांनी बुडाल्या," मंदार म्हणाला.

इथे मला राहवलं नाही. पॉवरलूमचं स्वस्त कापड आलं तेव्हा इथे जुनेच साचे, म्हणजे माग, धडधडत होते. नफ्यातून नवी यंत्रं घ्यायला कामगारानं कुणाचा हात धरला होता? बाबा साच्यावर होते. घरी आले की आई त्यांच्या भुवयांवरची रुई पदरानं टिपायची. साच्यांच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून ते ओठ वाचायला शिकले होते. आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजलो तरी त्यांना कळायचं. अशा लोकांनी १९६२ साली कामगार नेते होमी दाजींना लोकसभेत पाठवलं. आपला माणूस दिल्लीत बोलावा, इतकंच त्यांना हवं होतं.

"अनंत चतुर्दशीला अजूनही मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात," अण्णा म्हणाले. "मिल बंद, भोंगा बंद, आणि रात्रभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. कशाला येतात ती?"

सुधीर जरा नरमला. "घरं झालीच पाहिजेत, अण्णा. पण झाडं जिथे दाट आहेत तो तुकडा सोडता येईल."

"तुकडा किती?" मी विचारलं. "पाच एकर की वीस?"

आकडा कोणीच सांगेना. मंदार म्हणाला, बघितल्याशिवाय काय सांगायचं? मग रविवारी सकाळी सात वाजता भंडारी मिलच्या पुलाजवळ जमायचं ठरलं. अण्णांना मी स्कूटरवर आणणार आहे.