‘घरी बसायचे पैसे’ नव्हेत ते

“अमेरिकेत सरकार शेतकऱ्याला शेती न करण्याचे पैसे देतं. जमीन पडीक टाका, घरी बसा, चेक घ्या. मागेल त्याला मिळतं, एकदा करार घेतला की कायमचा आराम. सगळी उधळपट्टी!” शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मजकूर फिरून फिरून येतो. ज्या योजनेबद्दल हे लिहिलंय ती म्हणजे 1985 च्या कृषी कायद्यातून आलेला कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम (संवर्धनासाठी जमीन राखून ठेवायची योजना), थोडक्यात सीआरपी. मजकुरातली एकेक गोष्ट घेऊ.

“जमीन पडीक टाकतात.” अजिबात नाही. करार 10 ते 15 वर्षांचा असतो. शेतकऱ्याला तिथे गवत किंवा झाडं लावावी लागतात, जगवावी लागतात, तण आवरावं लागतं. लागवडीच्या खर्चाचा जास्तीत जास्त निम्मा वाटा सरकार उचलतं. जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंडी घालतात त्या काळात गवत कापायला मनाई असते. करार मधेच मोडला, तर तोवर मिळालेली सगळी रक्कम व्याजासकट परत करायची आणि वर दंड भरायचा.

“मागेल त्याला मिळतं.” नाही. साधारणपणे जमीन आधी काही वर्षं पिकाखाली असावी लागते. अर्ज मागवण्याच्या सर्वसाधारण फेरीत अर्जांना गुण देतात: धूप किती थांबेल, पाणी किती स्वच्छ राहील, पशुपक्ष्यांना किती आसरा मिळेल, सरकारला खर्च किती. मोबदला त्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कोरडवाहू जमिनीच्या खंडावरून ठरतो. 2018 च्या कायद्याने या फेरीत तो सरासरी खंडाच्या 85 टक्क्यांवर रोखला. एका माणसाला वर्षाला 50,000 डॉलरपेक्षा जास्त मिळत नाहीत.

आता “उधळपट्टी”. इथे मला थोडं थांबायचंय, कारण हा हिशेब फक्त डॉलरचा नाही. कोलोराडोतली बाका किंवा ओक्लाहोमातली सिमॅरॉन काउंटी घ्या. पहिल्या महायुद्धात गव्हाचे भाव चढले आणि पुढच्या काही वर्षांत तिथली मुळांनी घट्ट विणलेली गवताळ राने नांगराखाली गेली. 1930 च्या दशकात पावसाने पाठ फिरवली, उघडी पडलेली माती वाऱ्यावर गेली. आपण धूप म्हटलं की वाहून जाणारं पाणी डोळ्यांपुढे आणतो आणि बांध घालतो. वाऱ्याला बांध घालता येत नाही, त्याला मुळंच हवीत. 14 एप्रिल 1935 च्या धुळीच्या वादळाने भरदिवसा अंधार केला. तेराच दिवसांनी मृदसंधारणाचा कायदा झाला. तरी 1970 च्या दशकात भाव चढल्यावर पुन्हा कुंपणापर्यंत नांगर फिरला, आणि त्यानंतर सीआरपी आली. 1982 ते 2007 या काळात अमेरिकेतल्या पीकजमिनीची धूप सुमारे 43 टक्क्यांनी घटली. सगळं श्रेय या योजनेचं नाही, कमी नांगरटीचाही त्यात मोठा हात आहे. पण पैसे कशाचे, ते यावरून कळतं: एकदा गेलेली माती माणसाच्या हयातीत परत येत नाही, म्हणून ती धरून ठेवायचे.

“एकदा करार घेतला की कायमचा आराम.” तसं असतं तर क्षेत्र घटलं नसतं. 2007 मध्ये योजनेत जवळपास 3 कोटी 68 लाख एकर जमीन होती, 2020 मध्ये सुमारे 2 कोटी 20 लाख. मका-सोयाबीनचे भाव वाढले, करार संपले, कायद्यानेही कमाल क्षेत्र खाली आणलं.

योजनेत खोट आहे, पण ती वेगळीच. अमेरिकेत सुमारे 40 टक्के शेतजमीन खंडाने कसली जाते. मालक दूरच्या शहरात असला तरी करार करू शकतो. सध्याच्या कुळाचं हित जपायची तरतूद कायद्यात आहे, पण नव्याने शेतीत उतरू पाहणाऱ्या तरुणाला खंडाने मिळू शकणारी जमीन दशकभर बंद होते. गावातल्या बियाणं-खत विकणाऱ्याचं गिऱ्हाईकही तुटतं. म्हणूनच एका काउंटीतली साधारण 25 टक्क्यांपेक्षा जास्त पीकजमीन घेऊ नये अशी मर्यादा कायद्यात आहे, आणि तीही काही वेळा शिथिल करता येते. भांडायचंच असेल तर त्या सवलतीवर भांडा.